विमानाची गाडी होत नाही, गाडीवर विमान बसवावं लागतं

विचारलेला प्रश्न असा: निवृत्त झालेलं जुनं लष्करी विमान मिळवून त्याची रस्त्यावर चालणारी गाडी करता येते का? येत असेल तर विमानाचं इंजिन, चाकं, ब्रेक वापरता येतात का? आणि महाराष्ट्रात तिचं पासिंग होईल का?

आधी थेट उत्तर देतो. गाडी करता येते. लोकांनी केलेली आहे, आणि त्यातल्या काही रीतसर नंबरप्लेट लावून फिरतात. विमानाचं इंजिन वापरणं हा वेगळाच उद्योग आहे, बहुतेकांनी त्याच्या नादी लागू नये. चाकं आणि ब्रेक विसरा. महाराष्ट्रात खाजगी माणसाने अशी गाडी आरटीओत नेली तर पासिंग होणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मी नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात विमानांच्या सांगाड्यावर फिटर म्हणून हात बसवला आणि नंतरची बहुतेक वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात कस्टम गाड्यांच्या वर्कशॉपात चासी आणि पत्र्याचं काम केलं. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं. या कामासाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चित्र डोक्यात घेऊन येतो: विमान तर तयारच आहे, त्याला फक्त गाडीचं इंजिन आणि चार चाकं लावायची. गोम नेमकी तिथे आहे.

विमानाच्या धडाला बाहेरून हात लावून बघा. दोन फ्रेमच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर पत्रा किंचित आत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांचा पत्रा बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरच्या आतबाहेरच असतो. आत गोल फ्रेम, लांबीच्या दिशेने बारीक स्ट्रिंगर, मोजक्या ठिकाणी लाँजरॉन म्हणजे जाड उभे दांडे आणि या सगळ्यावर रिव्हेट मारून बसवलेला पत्रा. यातला कुठलाही एक भाग एकट्याने काही पेलत नाही. भार सगळ्यांत पसरतो, पत्र्यातही. बुरुडाच्या टोपलीचं असतं तसं हे आहे. टोपली धान्याने भरून डोक्यावर घ्या, काही होत नाही. तेच वजन काठाच्या एकाच कामटीला दोरी बांधून लटकवा, तेवढी कामटी उसवून येईल.

गाडीचं सस्पेन्शन नेमकं हेच करतं. चार जागा धरतं आणि खड्ड्यागणिक तिथे दणके देतं. विमानात एकाच जागी मोठा भार घेण्याची सोय फार थोड्या ठिकाणी केलेली असते: पंखाचा स्पार, म्हणजे पंखातला मुख्य कणा, धडाला जिथे जोडतो तिथे, अंडरकॅरेजच्या म्हणजे चाकांच्या पायांच्या जोडावर आणि इंजिनच्या माउंटवर. त्यातही लढाऊ विमानांत मुख्य चाकांचे पाय बहुधा पंखात असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मस्टँगचे पंखात, मिग-२१चेही पंखात. रस्त्यासाठी पंख कापलेत की चाकांचा आधारही पंखाबरोबर गेला. म्हणजे तुमच्या हातात उरते ती एक लांबलचक पोकळ नळी. तिला गाडीची चाकं लावायला एकही धड जागा नसते.

म्हणून या धंद्यात जे यशस्वी झाले त्यांनी सगळ्यांनी एकच केलं. खाली स्वतंत्र पोलादी चासी घेतली, ती एकटी रस्त्यावर धावेल इतकी पूर्ण केली आणि विमान तिच्यावर बॉडी म्हणून बसवलं. हा क्रम उलटा करू नका. विमान आधी आणून मग त्यात चासी कोंबायला गेलेली कामं मी वर्षानुवर्षं शेडमागे ताडपत्रीखाली पडलेली पाहिली आहेत.

बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे पीळ. ट्रकची शिडीसारखी चासी खराब रस्त्यावर पिळवटते, ती तशी पिळवटावी म्हणूनच बनवलेली असते. विमानाचं धड मात्र बंद नळी असल्यामुळे पीळ अजिबात घेत नाही. दोन्ही आठ-दहा ठिकाणी बोल्टने आवळले तर चासीचा प्रत्येक पीळ रिव्हेटांवर जातो. काही हजार किलोमीटरनंतर रिव्हेटांभोवती काळपट शेपटं उमटायला लागतात. सैल झालेला रिव्हेट भोकात घासतो आणि अॅल्युमिनियमची काळी भुकटी वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. आमच्याकडे म्हणतात, रिव्हेट धूर काढतोय. तो धूर दिसला की तिथला जोड गेला असं समजायचं. यावर उपाय म्हणजे तीन टेकूंवर बसवणं: मागे दोन, पुढे मधोमध एक, आणि पुढचा टेकू डावी-उजवीकडे डोलू शकेल असा. दुर्गम भागात फिरणाऱ्या मोठ्या कॅम्पर ट्रकांच्या खोल्या याच पद्धतीने बसवतात. मधे चांगल्या रबराचे माउंट घालायचे.

दुसरी गोष्ट गंजाची. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना उघडे टेकले आणि त्यात पाणी शिरलं की झीज अॅल्युमिनियमची होते, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ती झपाट्याने होते. प्रत्येक जोडात प्रायमर, सीलंट आणि नायलॉनचं किंवा रबराचं अस्तर हवंच. रंग दिलाय म्हणजे झालं, असं नसतं. बोल्टच्या भोकात रंग टिकत नाही.

वेल्डिंगचं विचाराल तर, टिग मशिन घरात असलेला प्रत्येक जण विचारतोच. विमानाचा बाहेरचा पत्रा बहुधा '२०२४' या क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा असतो, त्यात तांबं असतं. वेल्ड मारलात तर थंड होतानाच शेजारून तडकतो. इथे रिव्हेटला पर्याय नाही. आणि रिव्हेट मारणं हे दोन माणसांचं काम आहे. बाहेरचा गन धरतो. आतला बकिंग बार, म्हणजे मुठीत मावेल असा पोलादी ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीला टेकवून बसतो. शेपटी चेपून मूळ व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या व्यासाइतकी उंच झाली की थांबायचं. एक ठोका जास्त पडला तर पत्र्यावर खळगा येतो आणि पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमवर तो खळगा वीस फुटांवरून दिसतो. दोघांची लय जमायला आठवडे लागतात. जुना रिव्हेट काढतानाही तसंच. डोकं ड्रिलने पोखरून शेपूट पंचने हलकेच पाडायची. भोक मोठं झालंच तर पुढच्या मापाचा रिव्हेट घालायचा. घाईत हातोडा-छिन्नी चालवली तर भोकं अंडाकृती होतात आणि मग त्या ओळीचा पत्राच बदलावा लागतो.

या सगळ्या खटाटोपाची सुरुवात मात्र पूर्ण विमानाने झालेली नाही, विमानाच्या टाकीने झाली. लढाऊ विमानं लांबच्या मोहिमेवर जाताना पोटाखाली किंवा पंखाखाली जादा इंधनाची टाकी लावायची, रिकामी झाली की खाली सोडून द्यायची. बिल बर्क हा कॅलिफोर्नियातला वेगाचा शौकीन युद्धात तटरक्षक दलात होता. दक्षिण प्रशांत महासागरात त्याने अशा टाक्या बघितल्या आणि त्याला त्यांच्यात गाडी दिसली. पाण्याच्या थेंबासारखा आकार, हवेचा अडथळा जवळजवळ नाहीच आणि युद्ध संपल्यावर भंगाराच्या भावाने हव्या तितक्या उपलब्ध. १९४६ मध्ये त्याने मस्टँगच्या १६५ गॅलनच्या टाकीत फोर्डचं इंजिन घालून ती कोरड्या तळ्यावर ताशी १३१ मैलांपर्यंत पळवली. पण त्या टाकीत इंजिन आणि माणूस दोघं नीट मावेनात. म्हणून पुढे तो पी-३८ लायटनिंग या लढाऊ विमानाच्या तीनशेहून अधिक गॅलनच्या टाकीकडे वळला, इंजिन मागे नेलं आणि माणूस पुढे बसवला. ही मांडणी इतकी चपखल बसली की अशा गाड्यांचा एक वर्गच तयार झाला, लेकस्टर. त्यातली सर्वांत नावाजलेली गाडी अॅलेक्स झायडिअस यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची. १९५२ मध्ये युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर ती ताशी १९८ मैलांना पोचली, आणि तेही मर्क्युरीच्या साध्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनावर.

त्या टाकीच्या गाड्या बघायला मिळाल्या तर आकाराकडे थोडंच बघा, आत डोकावा. आत फोर्डच्या जुन्या चासीचे लांब दांडे किंवा पोलादी नळ्यांची चौकट असते, चाकं तिला, इंजिन तिला, सीट तिला. टाकी म्हणजे दोन अर्ध्या टरफलांचं झाकण. म्हणजे शहाणपण पहिल्याच पिढीत आलेलं होतं.

त्या काळात माल किती होता याचा अंदाज आज येणार नाही. एकट्या अॅरिझोनातल्या किंगमनच्या मैदानात युद्धानंतर पाच हजारांहून जास्त विमानं उभी होती, आणि त्यातली बहुतेक तिथेच भट्टीत वितळवून त्यांच्या लाद्या ओतल्या गेल्या. आज परिस्थिती उलटी आहे. युद्धकाळातलं विमान जरा बऱ्या अवस्थेत असेल तर ते पुन्हा उडवणारे किंवा संग्रहालयवाले तुमच्या आधी तिथे पोचलेले असतात, आणि त्यांच्यासमोर तुम्ही गाडीसाठी ते कापायला मागितलंत तर चार शब्द ऐकावे लागतील. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. उडू शकणारं किंवा पूर्ण असलेलं विमान कापू नये. कापायचंच तर अपघातात मोडलेलं, वादळात सापडलेलं, ज्याचे स्पार कधीच दुरुस्त होणार नाहीत असं धड घ्यावं.

मिशिगनच्या एका निवृत्त हवाईदलवाल्याने नेमकं तसंच केलं. त्याने १९४३ सालचं डग्लस आर-४डी, म्हणजे डकोटा या वाहतुकीच्या विमानाची अमेरिकी नौदलातली आवृत्ती, भंगारात पडलेलं उचललं, पंख आणि मागची शेपटी काढली, आणि धड इंटरनॅशनल कंपनीच्या ट्रकच्या चासीवर बसवून घरातल्यांच्या मदतीने त्याचं मोटरहोम केलं. रस्त्यावर चालणाऱ्या लष्करी विमानाचं मला माहीत असलेलं सर्वांत समंजस उदाहरण हेच. समंजस अशासाठी, की विमान निवडतानाच अर्धं काम झालेलं होतं. डकोटाचं धड रुंदीला साधारण आठ फूट. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत चालते, आपल्याकडेही २.६ मीटर म्हणजे तेवढीच. धड नेमकं त्या मापात बसतं. आत माणूस उभा राहू शकतो, मूळचं दार बाजूला आहे आणि ट्रकची चासी एवढं वजन ओढायलाच बनवलेली असते. कुठल्याही जागी विमानाशी मारामारी करावी लागली नाही.

लढाऊ विमान घेतलंत की हीच गणितं फिरतात. मिग-२१ची लांबी चौदा मीटरच्या वर, म्हणजे शहरातल्या बसपेक्षा जास्त. धड मात्र इतकं अरुंद की त्यात इंजिनच्या नळीशेजारी दुसरं काही मावत नाही. स्वतःच्या चाकांवर उभं असताना शेपटीचं टोक चार मीटरच्या वर जातं. शेपटी कापली तर ते मिग दिसत नाही, ठेवली तर विजेच्या तारांखालून जाताना जीव मुठीत. आपल्याकडे चौकाचौकांत उभी असलेली नॅट विमानं त्यामानाने फार लहान, लांबी पावणेनऊ मीटर. पण नॅटमध्ये मुळात वैमानिकच कसाबसा बसायचा.

आणि ज्यांनी लढाऊ विमानाचं धड खरोखरच वेगासाठी जमिनीवर आणलं त्यांची गोष्ट रस्त्याची नाहीच. लॉकहीड एफ-१०४ स्टारफायटरच्या धडावरून अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन ईगल नावाची विक्रमासाठीची गाडी उभी केली गेली. धड निमुळतं, आणि या विमानाचे पंख मुळातच इतके छोटे की दोन्ही टोकांमधलं अंतर सात मीटरही नाही. टायर लावलेलेच नव्हते, त्याऐवजी अॅल्युमिनियमची भरीव चाकं होती. २७ ऑगस्ट २०१९ रोजी ओरेगॉनच्या अल्वर्ड वाळवंटात जेसी कॉम्ब्स यांनी ती ताशी ५२२.७८३ मैलांवर नेली, आणि त्याच दिवशी झालेल्या अपघातात त्या गेल्या. पुढच्या चाकाचा सांगाडा निकामी झाला होता. स्त्रियांच्या गटातला तो विक्रम गिनेसने २०२० मध्ये मान्य केला. त्याआधीचा किटी ओ'नील यांचा, १९७६ पासूनचा. मी हे इथे सांगतो कारण प्रश्न विचारणारे बरेच जण याच गाडीचे व्हिडिओ पाहून आलेले असतात. तिथे जाणकार माणसांची मोठी टोळी वर्षानुवर्षं राबत होती, आणि तरीही घात झाला तो पुढच्या चाकाशी, म्हणजे विमानाचा नसलेला भाग जमिनीला टेकतो त्या जागी.

आता चाकं-ब्रेक. विमानाचा टायर प्रचंड वजन घेतो, पण थोड्या मिनिटांसाठी. उतरायचं, धावपट्टी सोडायची, उभं राहायचं. गाडीचा टायर तासन् तास फिरतो आणि तापत असतानाच उष्णता बाहेर टाकतो. लढाऊ विमानाच्या टायरमधला दाब दोनशे पीएसआयच्या घरात असतो, कारच्या टायरमध्ये तीस-पस्तीस. तो टायर रस्त्यावर लावलात तर दाब कमी करून तो नीट बसत नाही आणि पुरता फुगवला तर तुमचे दात हलतात. ब्रेकही तसेच, एकदा जोरात थांबायला बनवलेले. घाट उतरताना सतत दाबायला नाही. आणि ओलिओ, म्हणजे विमानाचा तेल-वायूचा शॉकअॅब्सॉर्बर, उतरतानाचा एक मोठा धक्का गिळण्यात पटाईत असतो. बारीक बारीक खड्डे त्याला कळतही नाहीत, ते तो जसेच्या तसे वर पोचवतो. शोभेसाठी ओलिओ बाहेरून लावा हवं तर. भार ट्रकच्या अॅक्सलवरच ठेवा.

इंजिनकडे येऊ. विमानाच्या इंजिनावर गाडी चालवण्याची हौस विमानांइतकीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर काउंट झबोरोव्स्की या शर्यतीच्या शौकिनाने मर्सिडिजच्या चासीत २३ लिटरचं मायबाख विमान-इंजिन बसवलं होतं. वेगाचे विक्रम करणाऱ्या पॅरी-थॉमस यांच्या बॅब्ज नावाच्या गाडीत २७ लिटरचं लिबर्टी इंजिन होतं. ३ मार्च १९२७ रोजी वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर त्या गाडीतच त्यांचा अंत झाला. गाडी तिथेच पुरली आणि १९६९ मध्ये उकरून पुन्हा चालू केली गेली. त्या काळात दुसरं ताकदवान इंजिन मिळतच नव्हतं म्हणून ते समजू शकतं. आज ट्रकचं साधं डिझेल इंजिन तुमचं काम निम्म्या डोकेदुखीत करतं.

तरी हौस असेल तर अडचणी कुठल्या ते माहीत असावं. विमानाच्या पिस्टन इंजिनाला पंखा, म्हणजे प्रॉपेलर, हाच फ्लायव्हील असतो. पंखा काढला की इंजिन धडधडतं, आयडलवर टिकत नाही. त्यामुळे जड फ्लायव्हील आणि त्याला साजेसा क्लच स्वतः घडवावा लागतो. मर्लिनसारखं व्ही-१२ इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर जायला बनवलेलंच नाही, त्यामुळे गिअरचं सगळं गणित नव्याने करावं लागतं. रेडियल इंजिनाचा तर स्वतंत्र स्वभाव आहे. सिलिंडर गोलात मांडलेले, खालचे उलटे लटकलेले. गाडी दोन दिवस उभी राहिली की तेल रिंगांमधून झिरपून खालच्या सिलिंडरांच्या डोक्यात साठतं. तेल दाबलं जात नाही. तशात थेट सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी सिलिंडरच उचकटतो. विमानात मेकॅनिक सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघतात ते यासाठी. अडकलं तर खालचे प्लग काढून तेल सोडतात. गाडीत बॉनेटखाली तो गोल बसवल्यावर हाताने फिरवणार कसं आणि खालचे प्लग काढणार कुठून, याची सोय आधी करा.

जेटचं थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बाजूला नौदलाच्या हेलिकॉप्टरचं जनरल इलेक्ट्रिकचं टी-५८ इंजिन जेट म्हणून बसवलंय आणि ती गाडी रस्त्यावर कायदेशीर आहे. कशी? पुढे कंपनीचं मूळ पेट्रोल इंजिन तसंच आहे, पुढची चाकं तेच फिरवतं आणि नोंदणी त्या इंजिनावर आहे. (हेच टी-५८ ब्रिटनमध्ये नोम नावाने बनायचं आणि आपल्या नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांत तेच होतं. कुलाब्याला राहणाऱ्यांनी त्याचा आवाज ऐकलेला असणार.) थोडक्यात, जेट हे त्या गाडीचं आभूषण आहे. सिग्नलला तुमच्या मागे मोटरसायकलवाला उभा असेल आणि तुमच्या नळीतून शेकडो अंशांची हवा निघत असेल, तर रस्त्यावर ते इंजिन चालवायचंच नाही हे ओघाने आलं.

आता एक भाग जो व्हिडिओत कोणी दाखवत नाही, आणि ज्यासाठी मी काम थांबवतो. जुन्या लष्करी विमानात विषारी आणि स्फोटक गोष्टी असतात. युद्धकाळातल्या डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. तो आता चमकत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. चमक देणारी पूड थकलेली असते, रेडियम नाही. त्याचं अर्धं आयुष्य सोळाशे वर्षांचं आहे. असा डायल उघडून घासू नका, तसाच बंद ठेवून ज्यांना परवाना आहे त्यांच्याकडे द्या. हिरवट-पिवळा प्रायमर म्हणजे क्रोमेट, त्याची कोरडी घासलेली धूळ फुप्फुसात जाणं म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. अंडरकॅरेजच्या बुशात बेरिलियम असलेलं तांबं असू शकतं, तेही ग्राइंडरला लावायचं नाही. मॅग्नेशियमच्या भागांचा बारीक कीस पेटला की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. जेट विमानात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट, असेल तर तिची आणि कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, काडतुसं निकामी केल्याचा कागद हातात असल्याशिवाय कॉकपिटमध्ये पाय ठेवू नका. 'सगळं काढलेलं आहे' असं विक्रेत्याचं तोंडी सांगणं पुरेसं नाही.

कागद म्हटल्यावर मालकीचाही विषय येतो. अमेरिकेत लष्करी माल विकताना तो आधी निकामी करतात, आणि काही विमानांच्या बाबतीत तर काहीच सुटत नाही. अमेरिकी नौदलाचं एफ-१४ हे लढाऊ विमान २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर बहुतेकांचा चुरा केला गेला, सुटे भाग इराणला पोचू नयेत म्हणून. भारतात हवाईदल आणि नौदल निवृत्त विमानं संस्थांना, स्मारकांना, महाविद्यालयांना प्रदर्शनासाठी देतात. ओझरला बनलेली मिग-२१ विमानं २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून गेली, तेव्हापासून मला हा प्रश्न जास्त येतो. चौकात बसवायला मिळालेलं विमान कापून गाडी करणं हा त्या देण्याचा अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको.

बसणाऱ्याचाही विचार करा. कॅनॉपी दिसायला सुंदर, पण गाडी उलटली तर वर उघडणारी कॅनॉपी उघडणारच नाही. आत पक्का रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी न चेपणारा पोलादी पिंजरा, आणि बाजूने किंवा मागून बाहेर पडायची दुसरी वाट हवी. पुढची काच लॅमिनेटेड सेफ्टी काचच लागते, विमानाचं अॅक्रिलिक चालत नाही. वायपर त्यावर महिन्याभरात ओरखडे पाडतो. आणि उन्हात पारदर्शक घुमटाखाली बसणं काय असतं ते जर्मनीत मेसरश्मिटची तीनचाकी केआर-२०० वापरणाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडचा उन्हाळाही त्या झाकणाखाली नको व्हायचा. विदर्भात मे महिन्यात तर बोलायलाच नको.

राहिलं पासिंग. ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने बनवलेल्या एका गाडीसाठी स्वतंत्र तपासणी असते. तिथे बाहेरची प्रत्येक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल लागते, त्यामुळे विमानाच्या पत्र्याच्या धारदार कडांवर आठवडे जातात. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे, पण 'खास बनवलेली गाडी' या सदराखाली नोंदणीची सोय बहुतेक ठिकाणी आहे. आपल्याकडे अशी सुटी सोय नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की मूळ उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकच लावला. शून्यातून बनवलेली गाडी म्हणाल तर तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची टाइप अॅप्रूव्हल, म्हणजे गाडीच्या नमुन्याला मंजुरी, लागते, आणि ती प्रक्रिया कारखान्यांसाठी आखलेली आहे, शेडमधल्या कारागिरासाठी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने २०२१ मध्ये भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तिचं देशभर कौतुक झालं. आनंद महिंद्रांनीही कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ही गाडी थांबवली जाईल. बदल्यात त्याला बोलेरो दिली.

कागदावर एकच वाट दिसते: नवी उघडी चासी विकत घेणं आणि मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरमार्फत मोटर कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, म्हणून मंजुरी मागणं. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. डकोटासारखं रुंद, पोकळ धड असेल तर त्या मापात बसवण्याचा प्रयत्न करता येईल. लढाऊ विमानाचं धड त्यात बसणार नाही. पैसा आणि वेळ दोन्ही गाडीपेक्षा मंजुरीवर जास्त जाईल, ही तयारी ठेवूनच त्यात पडा.

तरीही कोणाला धड मिळणारच असेल तर घेण्याआधी एकदा गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात जाऊन या. तिथे मोकळ्यावर सुपर कॉन्स्टेलेशन, अलीझे, सी हॉक ही नौदलाची जुनी विमानं उभी आहेत. स्पार धडाला कुठे जोडलाय, रिव्हेटांच्या दुहेरी ओळी कुठून जातात, खाऱ्या हवेने पत्र्याला कुठे फोड आलेत, ते नीट बघा आणि फोटो काढा. मग तुमच्या धडाचे त्याच जागांचे फोटो, सर्वांत रुंद जागेचं माप आणि वजनकाट्याची पावती पाठवा. कुठली चासी पेलेल आणि टेकू कुठे द्यायचे, ते त्यावरून सांगता येईल.